१.३ जीबी मोकळी, तरी १२८ केबी मिळेना

एक फाईल सर्व्हर. १६ जीबी मेमरी, लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ४.१९, एकच नेटवर्क कार्ड. हे कार्ड मधूनच रीसेट व्हायचं आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे. पाठवायला दिलेलं पॅकेट ठरलेल्या वेळात बाहेर पडलं नाही की कर्नलचा वॉचडॉग, म्हणजे पहारेकरी, ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या कोडला, उठवतो, ड्रायव्हर कार्ड बंद करून पुन्हा उभं करतो आणि दोन-तीन सेकंदांत लिंक परत येते. फाईल उघडून बसलेल्या माणसाला क्षणभर अडखळल्यासारखं होतं, इतकंच.

एका पहाटे लिंक परत आली नाही. कन्सोलवरून लॉग पाहिला तर पहिली ओळ होती: पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ५, मोड जीएफपी ॲटॉमिक. म्हणजे मेमरीची एक मागणी फसली होती; बाकीच्या शब्दांचा अर्थ पुढे येईल. त्याखाली कॉल ट्रेस (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्याची यादी), त्याखाली मेमरीच्या आकड्यांची दीड पानाची भेंडोळी आणि शेवटी ड्रायव्हरची तक्रार, की मेमरी मिळाली नाही म्हणून रीसेट अर्धवट सोडतोय. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या सहकाऱ्याने लगेच 'फ्री' कमांड चालवली. मोकळी मेमरी १.३ जीबी आणि 'अव्हेलेबल'च्या रकान्यात ९ जीबीहून जास्त. मग मेमरी मिळाली नाही म्हणजे काय? त्याने इंटरफेस हाताने वर आणला. तो पहिल्याच प्रयत्नात वर आला. नोंदीत 'कार्ड संशयास्पद' असं लिहून त्याने प्रकरण मिटवलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

अकरा दिवसांनी पुन्हा तेच झालं. त्यानंतर सहा दिवसांनी पुन्हा.

पुढचे काही आठवडे आम्ही काय काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण अशा बिघाडात बहुतेक टीम याच वाटेने जातात. आधी कार्ड बदललं. फरक शून्य. मग मेमरी लीकचा संशय आला. कर्नलच्या स्लॅबचे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लहान लहान नोंदींना लागणाऱ्या मेमरीचे, आकडे दर तासाला नोंदवले, पण ते रात्री चढत आणि दिवसा उतरत, एकाच दिशेने कधीच गेले नाहीत. मग कुणीतरी रोज रात्री पेज कॅश, म्हणजे डिस्कवरून वाचलेल्या फाईलींची मेमरीतली प्रत, रिकामी करणारी ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, टाकली. त्याने बिघाड लांबले खरे, पण सकाळी पहिल्या तासाला सगळ्या फाईली डिस्कवरून नव्याने वाचाव्या लागू लागल्या आणि लोकांच्या तक्रारी वाढल्या. शेवटी 'मिन फ्री केबाइट्स' हे सेटिंग ६७,५८४ वरून ५,२४,२८८ केलं, म्हणजे कर्नलने कायम निदान ५१२ एमबी मोकळी ठेवावी असं त्याला सांगितलं. महिनाभर शांतता होती. मग पुन्हा ऑर्डर ५.

हे सगळे उपाय 'मोकळी मेमरी कमी पडते' या समजुतीवर उभे होते. आणि ती समजूत चुकीची असल्याचा पुरावा पहिल्या रात्रीपासून लॉगमध्ये छापलेला होता.

टीममधल्या सर्वांत अनुभवी सहकारी रजेवरून परतल्या तेव्हा आम्ही त्यांना सगळी कहाणी ऐकवली. त्यांनी एकच विचारलं, "ऑर्डर पाच म्हणजे किती रे?"

"बत्तीस पेजेस. १२८ केबी."

"मग १२८ केबीचे किती तुकडे शिल्लक होते ते लॉगमध्येच असेल की. वाचलंत का?"

आम्ही वाचलं नव्हतं. दीड पानाची ती भेंडोळी आम्ही प्रत्येक वेळी खाली सरकवून पुढे गेलो होतो.

पहिल्या रात्रीच्या लॉगमध्ये 'नॉर्मल' झोनची (कर्नल मेमरीचे जे विभाग पाडतो त्यातल्या मुख्य विभागाची) ओळ अशी होती: ४ केबीचे तुकडे ९८,४००, ८ केबीचे ४१,२५०, १६ केबीचे १२,६००, ३२ केबीचे २,३१०, ६४ केबीचे १९०. आणि त्यापुढे १२८ केबी, २५६ केबी, ५१२ केबी, १ एमबी, २ एमबी, ४ एमबी या सहाही ठिकाणी शून्य. बेरीज केली तर २,५२,८२० पेजेस, म्हणजे सुमारे ९८८ एमबी. जवळजवळ १ जीबी मोकळी, पण ६४ केबीहून मोठा सलग तुकडा एकही नाही. 'डीएमए ३२' झोनमध्ये आणखी ३३४ एमबी होती, तिचीही तीच गत. मेमरी होती, पण सलग नव्हती.

ही ओळ नीट वाचायची तर कर्नल मेमरी कशी वाटतो ते डोळ्यांपुढे हवं, म्हणून इथे थोडा थांबतो.

एक्स ८६ यंत्रांवर लिनक्स भौतिक मेमरी ४ केबीच्या पेजेसमध्ये मोजतो आणि मोकळ्या पेजेसचा हिशेब बडी पद्धतीने ठेवतो. केनेथ नोल्टन यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत इतकी साधी आणि इतकी पक्की आहे की आजही ती कर्नलच्या गाभ्यात आहे. तुकडे फक्त दोनच्या घातांच्या मापाचे: ऑर्डर ० म्हणजे एक पेज, ऑर्डर १ म्हणजे दोन, ऑर्डर ५ म्हणजे बत्तीस आणि ऑर्डर १० म्हणजे १,०२४ पेजेस, अर्थात ४ एमबी. प्रत्येक मापाची वेगळी यादी. १६ केबी हवे असतील आणि त्या मापाचा तुकडा नसेल तर ३२ केबीचा घेऊन त्याचे दोन भाग करायचे, एक द्यायचा आणि दुसरा यादीत ठेवायचा. तुकडा परत आला की त्याची जोडी, म्हणजे त्याचा बडी, मोकळा आहे का ते पाहायचं. असेल तर दोघांना जोडून एक पायरी वर चढवायचं आणि तिथेही हेच पुन्हा.

यात एक बारकावा आहे, जो आम्हाला फार उशिरा नीट कळला. शेजारी असणं आणि जोडी असणं वेगळं. एखाद्या तुकड्याच्या पहिल्या पेजचा क्रमांक घ्यायचा, त्यातला ऑर्डरच्या जागेचा एक बिट उलटायचा, की जोडीचा क्रमांक मिळतो. ऑर्डर ५ साठी ६४ पासून सुरू होणाऱ्या तुकड्याची जोडी ९६. आता ३२ ते ६३ आणि ६४ ते ९५ हे दोन तुकडे एकमेकांना चिकटून असले आणि दोन्ही मोकळे असले तरी त्यांचा मिळून ऑर्डर ६ चा तुकडा होत नाही, कारण ३२ ची जोडी ० आहे. त्याच हिशेबाने १२८ केबीचा तुकडा हवा तर ३२ ने भाग जाणाऱ्या क्रमांकापासून पुढची बत्तीसच्या बत्तीस पेजेस मोकळी लागतात. त्यातलं एक पेज जरी कुणी धरून बसलं तरी उरलेल्या एकतीसांचे १६, ८, ४, २ आणि १ असे पाच तुकडे होतात आणि ते खालच्या याद्यांमध्ये जातात. मोकळ्या मेमरीच्या बेरजेत ती एकतीस पेजेस दिसतात, पण १२८ केबी मागणाऱ्याच्या ती काही कामाची नाहीत.

मग सलग लागतेच कशाला? साध्या प्रोग्रामला लागत नाही. त्याचे पत्ते आभासी असतात, मधलं पेज टेबल प्रत्येक पेज भौतिक मेमरीत कुठेही नेऊन बसवू शकतं आणि प्रोग्रामला ते कळतही नाही. कर्नलमध्ये केमॅलॉकने, म्हणजे मेमरी मागायच्या नेहमीच्या फंक्शनने, मागितलेली मेमरी मात्र थेट नकाशातून येते: भौतिक पत्त्यात एक ठरलेला आकडा मिळवला की कर्नलचा पत्ता तयार. हा नकाशा फार वेगवान आहे. पण त्यातून सलग पत्ते हवेत तर खालची भौतिक पेजेसही सलगच लागतात. लहान मागण्या स्लॅबमधून भागतात. आमच्या कर्नलमधला स्लब अलोकेटर ८ केबीपर्यंतच्या मागण्या आपल्या तयार कप्प्यांतून देतो, त्याहून मोठी मागणी सरळ बडीकडे जाते. आमची १२८ केबीची मागणी अशी थेट बडीच्या दारात उभी होती.

इथे टीममधल्या एका नव्या सहकाऱ्याने फार चांगला प्रश्न विचारला. त्याच लॉगमध्ये 'डीएमए' झोनच्या ओळीत ४ एमबीचे तुकडे मोकळे दिसत होते. १२८ केबी त्यातून का नाही दिले? कारण तो झोन म्हणजे भौतिक मेमरीतले पहिले १६ एमबी. ज्या जुन्या हार्डवेअरला त्यापलीकडचा पत्ताच समजत नाही त्याच्यासाठी तो राखलेला असतो. वरच्या झोनमध्ये भागू शकणाऱ्या मागण्या तिथे येऊ नयेत म्हणून कर्नल वरच्या झोनच्या आकाराच्या प्रमाणात एक राखीव उंबरठा धरतो. नेहमीचं प्रमाण २५६ ला १ आहे. आमच्या १६ जीबीच्या यंत्रावर हा उंबरठा सुमारे ६४ एमबी येतो, म्हणजे १६ एमबीच्या त्या झोनपेक्षा मोठा. त्यामुळे साधी मागणी तिथून कधीच पुरी होत नाही, झोन पूर्ण मोकळा असला तरीही.

आता लॉगच्या पहिल्या ओळीतला दुसरा शब्द: ॲटॉमिक. मला विचाराल तर या प्रकरणाचा अर्धा उलगडा या एका शब्दात होता.

कर्नलमध्ये मेमरी मागणारा प्रत्येक जण मागताना एक मोड देतो आणि त्या मोडमधून आपली परिस्थिती सांगतो. जीएफपी कर्नल म्हणजे 'मी थांबू शकतो'. अशा मागणीसाठी कर्नल बरंच काही करतो: पेज कॅशमधली जुनी पेजेस काढून टाकतो, घाण झालेली, म्हणजे बदललेली, डिस्कवर लिहायला लावतो आणि सलग जागा हवी असेल तर कॉम्पॅक्शन चालवतो, म्हणजे पेजेस हलवून मोकळी जागा एकत्र करतो. जीएफपी ॲटॉमिक म्हणजे 'मी थांबूच शकत नाही'. मागणारा इंटरप्टमध्ये (हार्डवेअरच्या हाकेला उत्तर देत) असेल किंवा त्याने स्पिनलॉक (ज्यासाठी बाकीचे कोर न झोपता ताटकळतात असं कुलूप) धरलेला असेल, तर त्याला झोपवणं म्हणजे यंत्र लटकवणं. अशा मागणीला कर्नल राखीव साठ्यात हात घालायची मुभा देतो, पण जागा करून द्यायला बसत नाही. याद्यांमध्ये या क्षणी जे आहे त्यातून मिळालं तर मिळालं.

म्हणून 'अव्हेलेबल'च्या रकान्यातल्या त्या ९ जीबीचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता. तो आकडा सांगतो की मागणारा थांबायला तयार असेल तर स्वॅप न करता, म्हणजे मेमरीतलं डिस्कवर न हलवता, साधारण किती मेमरी मोकळी करता येईल. आमचा ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता. आणि उरलेली १.३ जीबी खरोखर मोकळी होती, पण तुकड्यांत.

'मिन फ्री' वाढवून महिनाभर बरं का वाटलं तेही आता कळतं. वॉटरमार्कची, म्हणजे मोकळ्या मेमरीच्या किमान पातळीची, तपासणी दोन भागांत होते. आधी झोनमधली एकूण मोकळी पेजेस मोजली जातात आणि मग हव्या त्या ऑर्डरचा किंवा त्याहून मोठा निदान एक तुकडा यादीत आहे का ते पाहिलं जातं. आम्ही पहिली अट फुगवली. जास्त पेजेस मोकळी राहिली की त्यातल्या काहींच्या जोड्या जुळण्याची शक्यता वाढते, त्यामुळे दुसऱ्या अटीला थोडा हात लागतो. पण ती शक्यता आहे, हमी नव्हे. रात्रीच्या कॅश रिकामी करण्याचंही हेच.

आणि पहिल्या रात्रीचं ते कोडं, की ड्रायव्हरला नाही मिळाली आणि मिनिटभराने हाताने वर आणताना मिळाली? ॲटॉमिक मागणी फसली की कर्नल तिच्यासाठी थांबत नाही, पण पार्श्वभूमीतल्या केकॉम्पॅक्टडी या थ्रेडला जागं करतो. आम्ही पुढच्या खेपेला व्हीएमस्टॅट या कर्नलच्या आकडेवारीच्या फाईलमधले आकडे आधी आणि नंतर टिपले, तेव्हा 'कॉम्पॅक्ट डीमन वेक' हा मोजणारा आकडा बिघाडाच्या क्षणी पुढे सरकलेला दिसला. म्हणजे पहिली मागणी हात हलवत परत गेली, पण जाता जाता सफाई करणाऱ्याला उठवून गेली. मिनिटभराने कुणी माणूस कमांड देईपर्यंत जागा तयार होती. 'हाताने केलं की चालतं' या अनुभवाने आम्हाला कार्डाकडे ढकललं. बाकी कशापेक्षाही जास्त दिशाभूल याने केली.

कॉम्पॅक्शन म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो. एक स्कॅनर झोनच्या खालच्या टोकापासून वापरातली हलवता येणारी पेजेस गोळा करत वर येतो, दुसरा वरच्या टोकापासून मोकळी पेजेस शोधत खाली येतो, पहिल्याने गोळा केलेली पेजेस दुसऱ्याने शोधलेल्या जागी हलवली जातात आणि दोघे भेटले की फेरी संपते. हे २०१० साली २.६.३५ मध्ये कर्नलमध्ये आलं. 'हलवता येणारी' हा त्यातला कळीचा शब्द. प्रोग्रामचं पेज हलवलं तर पेज टेबलातली नोंद बदलली की काम झालं. पेज कॅशचंही जमतं. पण केमॅलॉकने दिलेल्या मेमरीचा पत्ता कर्नलमध्ये कुठल्या कुठल्या पॉइंटरमध्ये साठवला गेलाय याची यादी कुणाकडेच नसते. ते पेज जिथे बसलं तिथे बसलं.

म्हणून २००८ साली आलेल्या २.६.२४ पासून कर्नल मेमरीचे मोठे गट पाडून, आमच्या यंत्रावर २ एमबीचे, प्रत्येक गटाला एक जात देतो: न हलणारी, हलणारी, परत घेता येणारी. न हलणाऱ्या पेजेसना शक्यतो एकत्र कोंबायचं, म्हणजे ती सगळीकडे विखुरणार नाहीत. मेल गोर्मन यांचं हे काम नसतं तर महिनोन्महिने चालणाऱ्या सर्व्हरवर मोठे तुकडे मिळणं जवळपास अशक्य झालं असतं. पण 'शक्यतो' हा शब्द तिथे आहेच. न हलणाऱ्यांचे गट भरले आणि त्याच वेळी पेज कॅशने बाकी सगळं व्यापलेलं असलं, तर कर्नल हलणाऱ्यांच्या गटातून जागा उचलतो. मागणी नाकारण्यापेक्षा ते बरंच.

आमच्या सर्व्हरवर हे रोज रात्री घडत होतं. रात्री बॅकअप चालायचा आणि तो लाखो लहान फाईली एकेक करून उघडायचा. प्रत्येक फाईलमागे एक डेंट्री (नावाची नोंद), एक आयनोड (फाईलच्या माहितीची नोंद), म्हणजे स्लॅबमध्ये वाढ. फाईलींचा मजकूर पेज कॅशमध्ये, म्हणजे उरलेली मेमरी भरलेली. त्याच वेळी बॅकअपचा डेटा नेटवर्कवरून बाहेर जात होता, त्याच्या पॅकेट बफरसाठी न हलणाऱ्या पेजेसची मागणी. बूट केल्यानंतरच्या दिवशी पेजटाइपइन्फो फाईलमध्ये नॉर्मल झोनच्या सुमारे साडेसहा हजार गटांपैकी ३१० गट 'न हलणारे' होते. चाळीस दिवसांनी १,७०० च्या वर. पेज ओनर चालू करून, म्हणजे प्रत्येक पेज कुणी मागितलं याची नोंद ठेवून, पाहिलं तेव्हा त्यांतल्या कित्येक गटांत दोन-चारच न हलणारी पेजेस होती आणि तीही बॅकअपच्या वेळेत आलेली.

विखंडनाचं, म्हणजे मोकळी मेमरी तुकड्यांत विखुरल्याचं, निदान पक्कं करायला कर्नल एक आकडाही देतो. डीबगएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाईलींत, एक्स्टफ्रॅग इंडेक्स नावाची फाईल आहे, प्रत्येक झोन आणि प्रत्येक ऑर्डरसाठी. मागणी पुरी होणार असेल तर उणे १. फसणार असेल तर ० ते १ मधला अंक: ० च्या जवळ असेल तर मेमरीच कमी आहे, १ च्या जवळ असेल तर मेमरी आहे पण तुकड्यांत. पहिल्या रात्रीचे आकडे घेऊन ऑर्डर ५ साठी मी हा अंक हाताने काढला. एकूण मोकळे तुकडे १,५४,७५०, मोकळी पेजेस २,५२,८२०, मागणी ३२ पेजेसची. उत्तर ०.९४९. यापेक्षा स्पष्ट साक्ष कोणती हवी? हा एक अंक पहिल्या दिवशी पाहिला असता तर कार्डही बदललं नसतं आणि 'मिन फ्री'ही.

खात्रीसाठी आणखी एक प्रयोग केला. चालू यंत्रावर 'कॉम्पॅक्ट मेमरी' फाईलमध्ये १ लिहून कॉम्पॅक्शन हाताने चालवलं. बडीइन्फोमध्ये, म्हणजे बडीच्या याद्या दाखवणाऱ्या फाईलमध्ये, ऑर्डर ५ चे तुकडे शून्यावरून २,९०० च्या आसपास गेले. म्हणजे हलवायजोगं बरंच होतं. फक्त मागणाऱ्याला थांबायला सवड नव्हती.

आता राहिला खरा प्रश्न: ड्रायव्हरला रीसेटच्या वेळी १२८ केबी सलग आणि न थांबता का हवे होते?

ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्याने दिलेला होता आणि त्याचा सोर्स आमच्याकडे होता. पाठवण्याच्या रिंगमधल्या (पॅकेटांच्या वर्तुळाकार रांगेतल्या) प्रत्येक डिस्क्रिप्टरसाठी, म्हणजे रांगेतल्या प्रत्येक जागेसाठी, तो स्वतःची एक ३२ बाइटची नोंद ठेवत होता: कुठलं पॅकेट, किती लांब, कधी दिलं. रिंगमध्ये ४,०९६ डिस्क्रिप्टर. ४,०९६ गुणिले ३२ म्हणजे १,३१,०७२ बाइट, बरोबर १२८ केबी. पण मूळ रिंग ४,०९६ ची नव्हती! ड्रायव्हरचं मूळ माप होतं ५१२. तेव्हा हीच नोंदवही १६ केबीची होती, म्हणजे ऑर्डर २. काही महिन्यांपूर्वी गर्दीच्या वेळी पॅकेट गळत होती म्हणून आम्हीच रिंग आठपट केली होती. गळती थांबली, बदल विसरला गेला.

कर्नलमध्ये ऑर्डर ३ ही एक अधिकृत सीमारेषा आहे. तिथपर्यंतच्या मागण्या, मागणारा थांबायला तयार असेल तर, कर्नल सहसा नाकारत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. त्यापुढच्या मागण्या 'महाग' धरल्या जातात आणि थोड्या प्रयत्नांनंतर सोडून दिल्या जातात. आमची मागणी एका आकड्याच्या बदलाने २ वरून ५ वर गेली आणि त्यावर ॲटॉमिकचा शिक्का. पहिल्या रात्रीच्या त्याच ओळीत ऑर्डर २ चे १२,६०० तुकडे होते. रिंग ५१२ ची असती तर हे प्रकरण घडलंच नसतं.

ॲटॉमिक का? रीसेटचं फंक्शन आधी स्पिनलॉक घेत होतं, मग जुनी नोंदवही सोडत होतं, मग कार्ड थांबवत होतं आणि नंतर नवी नोंदवही मागत होतं. हे सगळं लॉक धरून. लॉकमध्ये झोपता येत नाही म्हणून लिहिणाऱ्याने ॲटॉमिक लिहिलं. आता कुणी म्हणेल, जुनी १२८ केबी आत्ताच सोडली होती, तीच परत का नाही मिळाली? कारण सोडलेला तुकडा बडीच्या यादीत गेला की तो सगळ्यांचा. यंत्राचे बाकीचे कोर चालूच असतात, त्यांच्याही न हलणाऱ्या मागण्या येत असतात आणि तशा जातीचे तुकडे आधीच दुर्मीळ. हा आयता मोठा तुकडा दिसला की तो फोडला जायचा. कार्ड थांबायला लागणाऱ्या वेळात एक पेज गेलं तरी पुरे.

दुरुस्ती करताना पहिली सूचना आली ती जीएफपी ॲटॉमिकच्या जागी जीएफपी कर्नल लिहून लॉकबाहेर मागायची. त्याने बहुतेक वेळा भागलं असतं, कारण कॉम्पॅक्शनला संधी मिळाली असती. पण मी त्याला विरोध केला. ऑर्डर ५ महागच राहते, आणि कॉम्पॅक्शन वारंवार फसू लागलं तर कर्नल ते काही काळ टाळू लागतो, पुढच्या ६४ वेळांपर्यंत. बिघाड दुर्मीळ झाला असता, गेला नसता. आणि दुर्मीळ बिघाड शोधणं जास्त कठीण.

मुळात ही नोंदवही कार्ड कधीच पाहत नव्हतं. कार्ड पाहतं ती डिस्क्रिप्टर रिंग. ती वेगळी होती, ड्रायव्हर सुरू होतानाच एकदा मागितली जायची आणि रीसेटमध्ये तशीच राहायची. नोंदवही फक्त प्रोसेसर वाचत होता. तिला भौतिकदृष्ट्या सलग असण्याची काहीच गरज नव्हती. अशा गोष्टीसाठी केव्हीमॅलॉक आहे, ४.१२ पासून. ते आधी सलग मागून पाहतं, फार हट्ट न करता आणि लॉगमध्ये आरडाओरड न करता. नाही मिळालं तर व्हीमॅलॉककडे जातं, जे सुटी पेजेस घेऊन कर्नलच्या पेज टेबलमधून सलग पत्ते तयार करतं. याची किंमत थोडी आहे: थेट नकाशात मोठ्या पेजमुळे टीएलबीची, म्हणजे प्रोसेसरमधल्या पत्त्यांच्या साठ्याची, एक नोंद पुरते, इथे बत्तीस सुट्या पेजेसना बत्तीस लागू शकतात. आमच्या मोजणीत पॅकेटच्या वेगात त्याचा फरक दिसला नाही.

केव्हीमॅलॉक झोपू शकतं, म्हणून ते लॉकमध्ये चालत नाही. तेव्हा क्रम बदलला. लॉक घेण्याआधी नवी नोंदवही मागायची, लॉकमध्ये फक्त पॉइंटर अदलाबदल करायचे, लॉक सोडल्यावर जुनी परत द्यायची. नवी मिळाली नाही तर जुनी शाबूत असते. हे लिहून झालं आणि मग लक्षात आलं की साध्या रीसेटमध्ये माप बदलतच नाही. मग हातातली मेमरी सोडायचीच कशाला? जुनीच नोंदवही शून्य करून पुन्हा वापरायची. नवी मागायची ती फक्त कुणी रिंगचं माप बदललं तर. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत हीच सर्वांत मोलाची: जे कधी मागितलंच नाही ते कधी नाकारलं जात नाही.

चाचणीसाठी विखंडनाची वाट पाहत बसायची गरज नव्हती. कर्नलच्या फॉल्ट इंजेक्शनमध्ये पेज अलोकेशन मुद्दाम फसवायची सोय आहे आणि तिथे किमान ऑर्डर ठरवता येते. ती ४ केली, म्हणजे ऑर्डर ४ आणि त्यापुढची मागणी फसणार. मग रिंगचं माप ५१२ आणि ४,०९६ यांच्यात रात्रभर उलटसुलट बदलत ठेवलं. जुना ड्रायव्हर पहिल्याच फेरीत कोसळला. नवा सकाळपर्यंत चालला.

त्यानंतर क्रॉनमधली कॅश रिकामी करणारी ओळ काढली आणि 'मिन फ्री' ६७,५८४ वर परत आणलं. विखंडन कमी करण्यासाठी वेगळं काही केलं नाही. कर्नल ५.० मधलं वॉटरमार्क बूस्टिंग आणि ५.९ मधलं आगाऊ कॉम्पॅक्शन यांनी त्यात फरक पडेल असं वाटतं, पण फक्त त्यासाठी चालत्या सर्व्हरचं कर्नल बदलायला आम्ही तयार नव्हतो आणि ते कारणही आता उरलं नव्हतं.

तीन महिन्यांनी मी पुन्हा बडीइन्फो पाहिली. नॉर्मल झोनच्या ओळीत ऑर्डर ५ पासून पुढे तेव्हाही शून्यंच होती. आदल्या आठवड्यात कार्ड दोनदा रीसेट झालं होतं. लॉगमध्ये दोन्ही वेळच्या दोन-दोन ओळी होत्या, लिंक गेली आणि लिंक आली, मध्ये तीन सेकंदांचं अंतर.